सूक्ष्मदर्शकाखालचा नकाशा : तुकड्या-तुकड्यांनी पाहण्याचा इतिहास (थ्रेड)

१. २० ऑगस्ट १८९७. निजामाच्या हैदराबाद राज्यातील सिकंदराबादची छावणी. लष्करी वैद्यकीय सेवेतील डॉक्टर रोनाल्ड रॉस डासाचे जठर सूक्ष्मदर्शकाखाली धरून बसले होते. पंखा बंद होता, कारण वाऱ्याने चिरलेले डास उडून जात. घामाने यंत्राचे स्क्रू गंजले होते आणि उरलेल्या एकमेव नेत्रभिंगाला तडा गेला होता. हुसेन खान या रुग्णाचे रक्त प्यालेल्या डासाच्या जठराच्या भिंतीत त्या दिवशी रॉस यांना काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो, याचा तो पहिला ठोस पुरावा होता.

२. बीड जिल्हा त्या काळी याच हैदराबाद राज्यात होता. रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ही कथा सर्वपरिचित आहे. त्यांनी शोध कसा घेतला याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. डासाचे जठर म्हणजे उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा ठिपका. भिंगाखाली तोच ठिपका एवढा विस्तीर्ण होतो की एका वेळी त्याचा लहानसा गोल भाग दृष्टीस पडतो. संपूर्ण जठर पाहायचे तर हा गोल पुढे पुढे सरकवत राहावे लागते. या सरकवण्याला मोठा इतिहास आहे. तो डासापासून सुरू होऊन नकाशे, कर्करोग आणि संगणकापर्यंत पोहोचतो.

३. सूक्ष्मदर्शकाचा एक नियम कुणालाच चुकलेला नाही : वस्तू जितकी मोठी दिसते, तितका तिचा कमी भाग दिसतो. ४० पटींचे वस्तुभिंग लावले, तर दृष्टिक्षेत्राचा व्यास साधारण अर्धा मिलिमीटर उरतो. काचपट्टीवर १५ मिलिमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद ऊतीचा काप ठेवला, तर तो संपूर्ण पाहण्यासाठी असे जवळजवळ हजार गोल नजरेखालून जावे लागतात. अंगठ्याच्या नखाएवढी जागा आणि तिच्यात हजार मुक्काम!

४. एवढा प्रदेश कसा पालथा घालायचा? जगभरच्या प्रयोगशाळांनी शोधलेला उपाय कोणत्याही शेतकऱ्याला ओळखीचा वाटेल. नांगरट करताना एक तास बांधापर्यंत न्यायचे, बैल वळवायचे आणि शेजारचे तास धरायचे. दोन तासांमध्ये न नांगरलेली पट्टी राहू नये, म्हणून नवे तास जुन्याला किंचित चाटून जाते. काचपट्टीही अशीच वाचली जाते. वरून खाली, थोडे बाजूला, मग खालून वर. प्रत्येक नवा पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडासा चढलेला असतो.

५. पाहणे एवढ्याने संपत नाही. सातशेव्या गोलात संशयास्पद पेशी दिसली, तर उद्या ती पुन्हा सापडली पाहिजे. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाच्या मंचाला दोन स्क्रू आणि दोन मोजपट्ट्या आल्या. एक पट्टी आडवे अंतर सांगते, दुसरी उभे. हे दोन आकडे वहीत टिपले की त्या पेशीला पत्ता मिळतो. घाईच्या कामात मात्र काचेवर शाईचा बारीक ठिपका देण्याची रीत चालत आली. ‘ठिपक्याशेजारी पाहा’ एवढी सूचना दुसऱ्या तज्ज्ञाला पुरेशी असे.

६. हीच अडचण सूक्ष्मदर्शकाबाहेरही होती, फक्त उलट दिशेने. नकाशा करणाऱ्याला प्रचंड भूभाग बारकाव्यांसह कागदावर आणायचा असतो. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला. त्रिकोणांच्या साखळ्यांनी देशभरातल्या ठिकाणांची स्थाने निश्चित होत गेली. परंतु गाव, ओढा, विहीर आणि देऊळ दिसेल एवढ्या प्रमाणाचा संपूर्ण देशाचा नकाशा एका कागदावर मावणे अशक्य होते. नकाशाचे तुकडे करणे भागच होते.

७. भारतीय सर्वेक्षण विभागाची पत्रकपद्धती या गरजेतून आकाराला आली. ४ अंश अक्षांश आणि ४ अंश रेखांश एवढ्या चौकोनाला एक क्रमांक दिला गेला. मराठवाड्याचा पश्चिम भाग, पुणे आणि मुंबई हे सारे ४७ क्रमांकात येतात. या चौकोनाचे १६ भाग करून त्यांना इंग्रजी अक्षरे दिली. प्रत्येक भागाचे पुन्हा १६ भाग करून त्यांना १ ते १६ आकडे दिले. म्हणजे ‘४७’च्या पोटात १६ गुणिले १६, अशी २५६ पत्रके झाली. पुण्याचा बराचसा भाग ‘४७ एफ/१४’ या पत्रकात सापडतो. पत्ता वाचला की कपाटातून नेमके पत्रक बाहेर येते.

८. आता बीड पाहू. बीड शहर १९ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित दक्षिणेला आणि ७५ अंश ४५ मिनिटे पूर्व रेखांशाच्या किंचित पूर्वेला वसले आहे. याच दोन रेषांवर पत्रकांच्या कडा येतात. त्यामुळे ‘४७ एम/१२’, ‘४७ एम/१६’, ‘४७ एन/९’ आणि ‘४७ एन/१३’ या चार पत्रकांचे कोपरे शहराच्या अगदी जवळ एकत्र येतात. ज्याला बीड आणि त्याचा परिसर एकत्र पाहायचा असेल, त्याला चार कागद शेजारी-शेजारी मांडावे लागतात. धाकटी पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नारायणगडाची वाट बीडहून शोधणाऱ्याचे काम एका पत्रकावर भागेलच असे नाही.

९. नकाशाने या अनुभवातून तीन गोष्टी शिकवल्या. प्रत्येक तुकड्याला पत्ता हवा. तुकड्यांचे सांधे अचूक जुळायला हवेत, कारण जे शोधायचे ते अनेकदा सांध्यावरच असते. आणि लहान प्रमाणाच्या नकाशावरून मोठ्या प्रमाणाच्या नकाशाकडे उतरण्याची वाट हवी. जिल्ह्याच्या नकाशावर दिशा कळते, पत्रकावर पाऊलवाट कळते. सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमांना या तिन्ही गोष्टी मिळायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. तोपर्यंतचा काळ काचेचा होता.

१०. महाराष्ट्रातील या काचेच्या काळाचे मोठे नाव म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली. भारतीयांच्या राहणीचा आणि कर्करोगाचा संबंध त्यांनी ऊतींच्या कापांमधून तपासला. कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या सततच्या घर्षणातून कातडीचा कर्करोग होऊ शकतो, हे निरीक्षण १९४५ साली प्रसिद्ध झाले. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव केला जातो.

११. काचपट्टीची मर्यादा तिच्या स्वभावातच होती. ती एकच असते. गाठीतून पुन्हा काप घेता येतो, पण तो शेजारचा काप असतो, तोच नसतो. काच फुटते, रंग फिका पडतो. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत हवे असेल, तर काचपट्टी खोक्यात घालून पाठवावी लागते किंवा रुग्णाच्या नातेवाइकाच्या हाती द्यावी लागते. मोठ्या शहरातील रुग्णालयाच्या आवारात काचपट्ट्या आणि मेणात बसवलेल्या ऊतींच्या वड्या पिशवीत जपून उभे असलेले नातेवाईक हे आजही दिसणारे दृश्य आहे. डोळा एका गावी आणि काच दुसऱ्या गावी, हे अंतर माणसाच्या पायांनी कापले जात होते.

१२. हे अंतर कमी करण्याचा एक मोठा प्रयत्न बीडच्या शेजारी झाला. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ साली तेथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत होती. खेड्यात कर्करोग किती आणि कोणता, याचे उत्तर तोपर्यंत अंदाजाने दिले जाई. बार्शीच्या नोंदींमधून ग्रामीण स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे ओझे किती मोठे आहे हे आकड्यांनी समोर आले.

१३. पुढचे पाऊल बीडच्या दक्षिणेला लागून असलेल्या तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात पडले. १९९९ साली तेथे ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा मोठा अभ्यास सुरू झाला. खेड्यांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत विभागणी झाली. एका गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, तिसऱ्यात आम्ल लावून डोळ्यांनी केलेली पाहणी आणि चौथ्यात तेव्हाची नेहमीची आरोग्यसेवा. चौथ्या गटाला चाचणी न देण्यावरून पुढे गंभीर नैतिक वादही झाला.

१४. या थ्रेडचा संबंध येतो तो दुसऱ्या गटाशी. त्यात ३२,०५८ स्त्रिया होत्या. तपासणीसाठी आलेल्या प्रत्येक स्त्रीच्या गर्भाशयमुखावरील पेशी काचपट्टीवर पसरायच्या, रंगवायच्या आणि तासामागून तास धरून वाचायच्या. अशा एका काचपट्टीवर हजारो पेशी असतात. बिघडलेल्या पेशी मोजक्याच असू शकतात, एखाद्या कोपऱ्यात लपलेल्या असू शकतात. वाचणाऱ्याचा डोळा कंटाळला, पट्टा सुटला, की एका स्त्रीचा आजार निसटतो. हजार मुक्कामांचा प्रवास हजारो वेळा करायचा होता, आणि तो करू शकणारे प्रशिक्षित डोळे मोजकेच होते.

१५. २००९ च्या एप्रिलमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने नेहमीच्या सेवेच्या गटात ६४ मृत्यू झाले होते. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. सूक्ष्मदर्शकाच्या गटात मात्र ५४. विषाणूच्या एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले, आणि सूक्ष्मदर्शकाच्या गटात झालेली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठरण्याइतकी मोठी नव्हती. बार्शीचे डॉ. भगवान नेने या अभ्यासाच्या प्रमुख संशोधकांपैकी होते.

१६. या निकालाचा धडा स्पष्ट आहे. सरसकट चाळणी करण्यासाठी डोळ्यावर अवलंबून असलेली पद्धत ग्रामीण भागात तोकडी पडते. तरीही सूक्ष्मदर्शकाची गरज संपत नाही. चाचणीने शंका दाखवली की पुढे ऊतीचा बारीक तुकडा घ्यावा लागतो, आणि तो कर्करोग आहे की नाही याचा निर्णय सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. म्हणून प्रश्न उरतो तो हा : तज्ज्ञ डोळे शहरात आणि ऊती गावात, तर दोघांची भेट कशी घडवायची?

१७. उत्तर संगणकातून आले. काचपट्टी स्कॅनरमध्ये ठेवायची. यंत्र तिच्यावर तास धरून फिरते आणि प्रत्येक मुक्कामाचे छायाचित्र घेते. सूक्ष्म तपशिलासाठी एक चित्रबिंदू म्हणजे पाव मायक्रॉन असे प्रमाण ठेवले, तर १५ मिलिमीटर अंतरात ६०,००० चित्रबिंदू बसतात. उभे ६०,००० आणि आडवे ६०,००० धरले, तर एका कापाच्या चित्रात ३६० कोटी चित्रबिंदू होतात. प्रत्येकाच्या रंगासाठी तीन बाइट लागतात. न दाबता साठवले तर हे एकच चित्र सुमारे ११ गिगाबाइट जागा घेते.

१८. असे चित्र एकदम उघडू पाहणारा संगणक गुडघे टेकेल. आणि उघडले तरी पडद्यावर मावणार किती? साध्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० चित्रबिंदू असतात. म्हणजे पूर्ण तपशिलात पाहताना पडदा एका वेळी त्या चित्राचा दीड हजारांश भागही दाखवत नाही. रॉस यांच्या नेत्रभिंगातला गोल गेला आणि पडद्याचा आयत आला, पण नियम तोच राहिला. जे दिसणार नाही ते मागवायचेच कशाला, या विचाराने सारी व्यवस्था बदलली.

१९. चित्राचे समान चौकोनी तुकडे करायचे. संगणकाच्या भाषेत त्यांना टाइल म्हणतात. बाजू सहसा २५६ चित्रबिंदूंची असते. वरच्या उदाहरणात उभ्या २३५ आणि आडव्या २३५ ओळी होतात, म्हणजे ५५,२२५ टाइल. प्रत्येकीला ओळ आणि स्तंभ यांचा पत्ता असतो. ‘४७’च्या पोटातील २५६ पत्रके आणि टाइलच्या बाजूचे २५६ चित्रबिंदू हा योगायोग असला, तरी दोन्ही आकड्यांमागे एकच सवय आहे : निम्मे करायचे, पुन्हा निम्मे करायचे.

२०. केवळ तुकडे पुरत नाहीत. आधी संपूर्ण काप नजरेत यावा, मग संशयास्पद भागाकडे उतरता यावे. त्यासाठी चित्राच्या लहान लहान आवृत्त्या आधीच तयार करून ठेवतात. मूळ चित्र तळाशी, त्यावर निम्म्या लांबी-रुंदीचे, त्यावर त्याच्याही निम्म्याचे, आणि शिखरावर एका टाइलमध्ये मावणारे चित्र. जुन्या घरातली मडक्यांची उतरंड जशी तळाशी रांजण आणि वर बोळके अशी चढत जाई, तशीच ही चित्रांची उतरंड. वरच्या प्रत्येक टाइलच्या पोटात खालच्या चार टाइल असतात. एवढे करून जागा फक्त एक तृतीयांशाने वाढते.

२१. प्रतिमांच्या अशा उतरंडीची कल्पना १९८३ साली स्पष्ट रूपात मांडली गेली. त्या वर्षी पीटर बर्ट आणि एडवर्ड ॲडल्सन यांनी प्रतिमा साठवण्यासाठी, तर लान्स विल्यम्स यांनी संगणकीय चित्रकलेसाठी तिचा उपयोग दाखवला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील मेरिलँड आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत जोएल सॉल्ट्झ व सहकाऱ्यांनी ‘आभासी सूक्ष्मदर्शक’ उभारला. दूरच्या संगणकावर बसलेला माणूस हवा तो भाग आणि हवे ते मोठेपण मागू शकत असे. २००५ च्या फेब्रुवारीत गूगल मॅप्स आले आणि तुकड्यांनी नकाशा पाहणे ही कोट्यवधी लोकांची रोजची सवय झाली.

२२. पडद्यावर बोट फिरवताना आत काय घडते? कोणत्या मजल्यावरच्या, कोणत्या ओळी-स्तंभांच्या टाइल पडद्यात येतात, याचा हिशोब पाहणारी प्रणाली करते. पडदा भरायला साधारण पन्नास टाइल पुरतात. तेवढ्याच मागवल्या जातात. हात कोणत्या दिशेने चालला आहे हे ओळखून शेजारच्या काही टाइल आधीच आणून ठेवता येतात. नुकत्याच पाहिलेल्या टाइल लगेच टाकून न देता हाताशी ठेवतात, कारण पाहणारा हमखास मागे वळतो. पंचावन्न हजारांतील पन्नास तुकडे आले की काम सुरू होते. म्हणूनच जाड काचपट्टी बारीक इंटरनेट जोडणीतूनही प्रवास करू शकते.

२३. सांध्यांचा प्रश्न मात्र येथेही आहे. यंत्राचा मंच सरकताना मायक्रॉनचा फरक पडतो. दोन छायाचित्रे नुसती शेजारी ठेवली, तर सांध्यावरची पेशी दुभंगते किंवा दोनदा दिसते. म्हणून छायाचित्रे घेतानाच ती एकमेकांवर थोडी चढवतात, सामाईक पट्टीतील खुणा जुळवतात आणि मग चित्रे शिवतात. सर्व सांधे एकत्र तपासून चूक वाटून घेतात, नाहीतर एका टोकाची छोटी चूक दुसऱ्या टोकापर्यंत साचत जाते. त्रिकोणांच्या साखळीतील चूक अशीच वाटून घेण्याचे गणित सर्वेक्षकांनी आधीच्या शतकात पक्के केले होते. काही स्कॅनर चौकोनांऐवजी लांब पट्ट्या टिपतात. त्यामुळे सांधे कमी होतात.

२४. या उद्योगात पुण्याचे नाव आहे. अभिजीत घोलप यांनी स्थापन केलेली बायोइमॅजीन ही कंपनी अमेरिकेत असली, तरी तिच्या संगणकीय कामाचा मोठा भाग पुण्यात होत असे. काचपट्टी स्कॅन करणे, ती पडद्यावर पाहणे आणि रंगलेल्या पेशी मोजणे, हे तिचे क्षेत्र. २०१० साली रोश या औषधकंपनीने सुमारे १० कोटी डॉलरना ती विकत घेतल्याचे जाहीर केले. पुढे घोलप यांनी याच क्षेत्रात ऑप्ट्रास्कॅन ही कंपनी उभी केली आणि तिचेही पुण्याशी नाते राहिले.

२५. तंत्र तयार झाले तरी विश्वास बसायला वेळ लागला. पडद्यावर पाहून दिलेले निदान काचेवर पाहून दिलेल्या निदानाइतकेच भरवशाचे आहे का? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने प्राथमिक निदानासाठी अशा पहिल्या प्रणालीला, फिलिप्स कंपनीच्या, २०१७ च्या एप्रिलमध्ये परवानगी दिली. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील विकृतिशास्त्रज्ञांनी घरी बसून स्कॅन केलेल्या काचपट्ट्यांवर निदाने दिली आणि ती काचेवरील निदानांशी पडताळून अनुभव प्रसिद्ध केला. खानोलकरांच्या प्रयोगशाळेत काचेपाशी जावे लागे. आता काच घरी आली होती.

२६. एका कापापुरता हा खेळ थांबला नाही. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत सिडनी ब्रेनर, जॉन व्हाइट आणि सहकाऱ्यांनी एका मिलिमीटरएवढ्या कृमीच्या अतिसूक्ष्म कापांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेतली, छापील छायाचित्रांवर पेनाने खुणा केल्या आणि ३०२ चेतापेशींची जोडणी शोधली. १९८६ साली ती प्रसिद्ध झाली. येथे शेजारचा तुकडा केवळ डावी-उजवीकडे नव्हता. वर-खालीही होता. चेतातंतू एका कापातून दुसऱ्यात उतरत जातो आणि त्याचा माग हरवला की जोडणी चुकते.

२७. फळमाशीच्या मेंदूला ही हातची पद्धत पुरणार नव्हती. २००९ साली स्टेफान सालफेल्ड, अल्बर्ट कार्डोना आणि सहकाऱ्यांनी ‘कॅटमेड’ ही प्रणाली मांडली. नकाशासारखे सरकवा, मोठे करा, पुढच्या कापात उतरा आणि अनेकांनी मिळून खुणा करा, असे तिचे स्वरूप होते. २०१८ साली माशीच्या संपूर्ण मेंदूची प्रतिमामालिका प्रसिद्ध झाली. सुमारे ७,००० काप, २ कोटी १० लाख छायाचित्रे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये याच मालिकेवरून १,३९,२५५ चेतापेशींची जोडणी जाहीर झाली. संगणकाने आखलेल्या रेषा जगभरच्या शेकडो लोकांनी तपासून दुरुस्त केल्या होत्या.

२८. भारतातही असे काम झाले आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन मेंदू केंद्राने ‘धरणी’ हा मानवी गर्भाच्या मेंदूचा संग्रह जाहीर केला. ५,१३२ काप, पेशी दिसेल एवढ्या तपशिलात, आणि कुणालाही पाहण्यासाठी खुले. लॅम्बटन यांनी जेथून देश मोजायला सुरुवात केली, त्याच शहरात दोन शतकांनी मेंदूचा नकाशा तुकड्या-तुकड्यांनी मांडला गेला. बीडमधील महाविद्यालयाचा विद्यार्थीही तो मोबाइलवर उघडून पेशीपर्यंत उतरू शकतो.

२९. पण बीडच्या अलीकडच्या इतिहासात सूक्ष्मदर्शकाचा आणखी एक, अधिक कठोर संदर्भ आहे. २०१९ साली ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सहापैकी एक. ‘पिशवी काढली नाही तर कर्करोग होईल’ अशी भीती घातल्याचे अनेकींनी सांगितले. खाडा पडला की मजुरी कापली जाते, हे पाळीच्या त्रासावर कायमचा उपाय शोधण्यामागचे दुसरे कारण होते.

३०. कर्करोगाची शंका ही पडताळता येणारी गोष्ट आहे. पेशी घेता येतात, ऊतीचा तुकडा घेता येतो, तो काचपट्टीवर रंगवून वाचता येतो. शंका खरी असेल तर उपचार वेळेवर सुरू होतात. खोटी असेल तर शरीराचा अवयव वाचतो. या पडताळणीला जे लागते ते थोडे आहे : काप करणारा तंत्रज्ञ, काचपट्टी, स्कॅनर आणि दुसऱ्या टोकाला वाचणारा तज्ज्ञ. टाइलच्या पद्धतीने शेवटच्या दोन दुव्यांमधील अंतर जवळजवळ पुसले आहे. पहिले दोन दुवे अजूनही जिल्ह्यात, तालुक्यातच उभे करावे लागतात. न घेतलेल्या ऊतीची टाइल होत नाही.

३१. या तंत्राने आणखी एक गोष्ट शक्य केली आहे. काचेवर फिरलेल्या डोळ्याचा माग उरत नसे. पडद्यावर मात्र कोणत्या टाइल, कोणत्या मजल्यावर आणि किती वेळ पाहिल्या गेल्या याची नोंद ठेवता येते. शिकणाऱ्याने कोणता पट्टा सोडला हे शिक्षकाला दाखवता येते. न नांगरलेली पट्टी आता नकाशावर दिसते. यंत्राला पेशी ओळखायला शिकवणारे संशोधकही याच तुकड्यांवर काम करतात, आणि त्यांच्याही यंत्राला शिकवताना आधी तज्ज्ञ माणसाने तुकड्यांवर खुणा करून द्याव्या लागतात.

३२. रॉस यांच्या तडा गेलेल्या भिंगापासून पुण्यात लिहिलेल्या प्रणालींपर्यंत एक काम बदललेले नाही. कुणीतरी बसून, पट्टा न सोडता, पाहावे लागते. बदलले आहे ते हे की पाहणाऱ्याला आता काचेजवळ बसण्याची गरज नाही. गेवराई, शिरूर किंवा आष्टीच्या एखाद्या स्त्रीच्या ऊतीचा काप परळचा तज्ज्ञ काही मिनिटांत वाचू शकतो. तो काप घेतला जाईल, आणि निर्णयाआधी घेतला जाईल, ही व्यवस्था उभी करणे हे मात्र सर्वेक्षकाच्या पहिल्या पायारेषेसारखेच प्रत्यक्ष जमिनीवर उतरून करायचे काम आहे.

(थ्रेड समाप्त)